रेकॉर्डिंगच्या फ्लेक्सवर आमची नात

गिरणीवर ज्वारीचा डबा खाली ठेवत होते, तेवढ्यात आमच्या आळीतली एक सून जवळ आली. या बाईनं उभ्या जन्मात मला कधी 'बसा' म्हटलेलं नाही. ती त्या दिवशी फार गोडीत म्हणाली, "काकू, नात रेकॉर्डिंगमधी गेली म्हनते तुमची. सांगतलं बी नाही आमाले."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, कॉलेजात काही बोलायचं असेल, ते मोबाइलमध्ये भरून घेतलं असेल. मी आपली म्हणाले, हो, हुशारच आहे ती. बाया पदराआड हसल्या, तेव्हा कळलं की गोष्ट वेगळीच आहे. पीठ न घेताच निघाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जत्रेत स्टेज बांधतात, स्पीकरचे मोठे डबे लावून सिनेमाची गाणी वाजवतात, आणि त्यावर बाया नाचतात. गाणारं कोणी नसतं, गाणं आधीच भरलेलं, म्हणून रेकॉर्डिंग डान्स. तेलुगू माणूस असो की मराठी, आमच्या आदिलाबादकडं सगळे हेच म्हणतात. आणि नाचणाऱ्या बाईला नुसतं 'रेकॉर्डिंग'. लाकूडकाम करतो त्याला सुतार म्हणतात, कपडे शिवतो त्याला शिंपी. या बायांना मात्र मशीनचं नाव दिलं आहे, आणि ते शिवीसारखं वापरतात.

बस थांबते त्या चौकात गेले तर वर फ्लेक्स. वरच्या रांगेत पुढाऱ्यांचे चेहरे, सगळे हात जोडलेले. खाली कमिटीचे लोक, गॉगल लावून. अन्ना मधोमध. अन्ना म्हणजे आमच्या मंडलातला, तुमच्या भाषेत तालुक्यातला, मोठा पुढारी; तेलुगूत थोरल्या भावाला अन्ना म्हणतात, हा सगळ्यांचाच थोरला झालेला. आणि अन्नाच्या जोडलेल्या हातांना लागून आमची नात. अंगावर लंगा-ओणी, म्हणजे परकर-पोलक्यावर अर्धी साडी, कपाळावर बिंदी, गळ्यात सोन्यासारखे हार, एक बोट गालावर. मागं जाळ लागल्यासारखे रंग. खाली मोठ्या अक्षरांत, मराठीतही आणि तेलुगूतही: भव्य रेकॉर्डिंग डान्स.

तो फोटो मी ओळखला. सहा-सात वर्षांखालचा, तिच्या हाफ साडीच्या फंक्शनचा.

हेही सांगावं लागेल. मुलगी वयात आली की तेलुगू लोक मांडव घालतात, जेवणं करतात. आमच्या मराठी घरांत असं नव्हतं. मी वयात आले तेव्हा मला कोपऱ्यात बसवलं आणि आईनं गप्प राहायला सांगितलं, बस. पण शेजारी राहून राहून शेजाऱ्याचं वळण लागतं. आता आमच्याकडंही हॉल, फोटोवाला, आणि गावात फ्लेक्स. फोटोवाल्यानं तिला 'बोट गालावर ठेव' म्हणून अर्धा तास उभं केलं होतं. पोरीला तेव्हा ते काही आवडलं नव्हतं, पण तिला कोण विचारतं. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, त्याच चौकात तिचा फ्लेक्स लावला होता. पाहुणे वाचून आले, लाडू खाऊन गेले. कोणाचं काही गेलं नाही तेव्हा.

तो फ्लेक्स आदिलाबादच्या ज्या दुकानात केला, तिथंच कमिटीनं जत्रेचाही केला. कमिटीवाले म्हणाले असतील, एखादी चांगली नटलेली पोरगी टाक मधात. दुकानदारानं कॉम्प्युटर उघडला आणि जी पहिली नटलेली दिसली ती टाकली. त्याला काय ठाऊक कोणती घरची आणि कोणती स्टेजवरची. मी खाली उभी राहून पाहिलं, तर खरंच कळत नव्हतं. माझीच नात, आणि मला कळत नव्हतं. याचाच मला जास्त राग आला.

नात आता डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज बसनं आदिलाबादला जाते. परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर आलेली. त्या दिवशी ती घरी आली ती दप्तर कोपऱ्यात फेकूनच. मग बोलली. बसमध्ये पोट्ट्यांनी मोबाइलवर नाचाचं गाणं लावलं आणि वाटेवरच्या जैनथपासून गावापर्यंत तेच तेच वाजवलं. एक जण विचारत होता, आज प्रोग्राम कुठं आहे. बसभर माणसं होती, त्यातले चार आमच्या भावकीतले. कोणी 'अरे बंद कर' म्हटलं नाही. सगळ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, जसं काही त्यांनी शेत कधी पाहिलंच नव्हतं.

मुलगा शेतातून आला. त्याला कळलेलंच होतं. मला वाटलं होतं, हा कमिटीवर जाईल, दोन-चार जणांना शिव्या देईल. तो हात-पाय धुऊन बसला आणि पोरीला म्हणाला, "उद्यापासून कॉलेज बंद. लोकाइच्या तोंडाले मी कुलूप नाही लावू शकत."

"बाबा, फ्लेक्सवर मी स्वतः चढली काय?"

त्यावर तो ओरडला. उन्हाळ्यात पाहुणे पाहून टाकतो, असंही म्हणाला. पोरीनं ताट सारलं आणि उठून गेली. परीक्षेला बसली नाही तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की ती या घरातूनच जाणार, कुठल्या तरी अनोळखी चुलीपुढं. हे तिला कळत होतं, मला कळत होतं. मुलालाही कळत होतं, पण त्याला त्याच्या नाकाची पडली होती.

नाकावरून एक आठवलं. पूर्वी आमच्या गावात दंडार व्हायची, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, त्यात पुरुषच बायांचं सोंग घ्यायचे. माझे चुलत सासरे राणी व्हायचे. मिशा उतरवून, लुगडं नेसून, असे लचकत नाचायचे की म्हाताऱ्यांचेही डोळे फिरायचे. मरेपर्यंत लोक त्यांना 'राणी' म्हणायचे आणि पंचायतीत पहिल्या सतरंजीवर बसवायचे. पुरुष बाई होऊन नाचला तर कला. बाई बाई होऊन नाचली तर नाक कापलं. हे मी मुलाला सांगितलं, तर म्हणाला, माय, तू चूप बस.

चूप बसणारी असते तर हे लिहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी मीच कमिटीकडं गेले. मुख्य जो आहे तो चाळिशीचा, पांढरं शर्ट, मनगटावर घड्याळ नि दोरे इतके की हात दिसत नाही. लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. म्हटलं, माझ्या नातीचा फोटो काढ. तो उठून उभा राहिला, आजी आजी करत. चूक झाली म्हणाला, दुकानवाल्याची. पण काढता येत नाही.

"काऊन नाही येत?"

"आजी, तुमीच पाहा ना. अन्नानं हात जोडले, त्याचं कोपर तिच्या खांद्यावर आलं. तिले कापलं तं अन्नाचा हात कापल्या जाते."

मला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, समजेना. खरंच, छापताना दोन फोटो एकावर एक गेले होते. आणि आमच्याकडं पुढाऱ्याचा फ्लेक्स फाडला की ठाण्यात बसावं लागतं. माझी नात फाटली तर चालतं, अन्नाचा हात फाटला तर नाही. शेवटी त्यानं उपकार केल्यासारखं दोन जणांना वर चढवलं आणि नातीच्या तोंडावर तेलुगू पेपरचा तुकडा मैद्याच्या खळीनं चिकटवला. आता तर रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायला लागला, इथं कोण आहे. त्या रात्री वारा सुटला, फ्लेक्सची एक बाजू खाली लोंबली. सकाळी शेळ्यांनी खळीच्या वासानं पेपर ओरबाडून खाल्ला. नातीचा चेहरा पुन्हा बाहेर, आता धुऊन पुसल्यासारखा.

जत्रेच्या दिवशी दुपारी नाचवाल्या आल्या. त्यांची जीप दरवर्षी आमच्याच वाड्यापाशी थांबते, कारण स्टेज आमच्या कुंपणामागं बांधतात. पाणी, आडोसा, सगळं आमच्याकडूनच. इतकी वर्षं मी दिलं आहे. या वर्षी मी फाटकाला साखळी लावली. जाऊ दे कमिटीवाल्याच्या घरी, म्हटलं, तिथं तीन बाथरूम आहेत. त्या बाहेर उन्हात उभ्या, पेट्या घेऊन. साखळी नातीनं काढली. माझ्याकडं पाहिलंही नाही तिनं.

चार जणी, आणि त्यांना घेऊन येणारी पाचवी, पंचेचाळीस-पन्नाशीची, पैनगंगेच्या पलीकडची. तीही नाचते अजून, पण मागच्या रांगेत. त्यांचं काम स्टेजवर सगळे पाहतात, मी अंगणात पाहिलेलं आहे. तुम्हाला वाटतं पाय उघडे आहेत, ते उघडे नसतात. कातडीच्या रंगाचा घट्ट कपडा असतो आतून, त्याला त्या 'स्किन' म्हणतात. तो सारखा फाटतो आणि त्या दुपारभर तोच शिवत बसतात, कारण फट दिसली की समोरून ओरडा होतो. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना साडी धरून आडोसा करतात, आणि वरचा कपडा उतरवून दुसरा चढवतात, घामात. म्हणून मागं गुंड्या नसतात, नुसत्या पिना. त्या पिना अंगात रुततात. फळ्यांचे खिळे वर आलेले असतात, त्यानं एकीच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. त्यावर तिनं लाल रंग लावला, की झालं. भाकरी दुपारीच खातात, नंतर नाही. पोट भरलं की कमरेचा पट्टा बसत नाही. आणि चेहऱ्यावर पांढरं थापून झालं की त्या एकमेकींशी हसतसुद्धा नाहीत, भेगा पडतात म्हणून. हसणं सगळं स्टेजसाठी राखून ठेवायचं.

त्यांना घेऊन आलेल्या मोठीनं चौकातला फ्लेक्स येतानाच पाहिला होता. पेटीवर बसून ती नातीला म्हणाली, "तूच का वो ती? आमच्या पार्टीतली नवी हिरोईन." बाकीच्या खिदळल्या. नातही हसली थोडं. मला त्या हसण्याचाही राग आला.

त्यांचं पांढरं थापून झालं, तेवढ्यात मुलगा आणि कमिटीचा मुख्य दोघं आत आले. दोघांनी मिळून अक्कल लढवली होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या मोठ्या बाईनं माइकवर सांगावं, की फ्लेक्सवरची मुलगी आमच्यातली नाही. मग गावाला कळेल, आणि मुलगा नातीला परत बसमध्ये बसू देईल. तसा शब्द दिला त्यानं, माझ्यासमोर. नात भिंतीला टेकून उभी होती. तिचं वर्ष त्या बाईच्या दोन शब्दांवर आलं होतं, आणि तिथं असलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

बाई सुई-दोरा खाली न ठेवता म्हणाली, "कोनते शब्द ते तं सांगा, भाऊ."

मुलगा म्हणाला, "हेच, का ही पोरगी तुमच्यातली नाही. घरंदाज हाय."

"मंग आमी कोनाच्या घरच्या हाओ, ते बी सांगू काय माइकवर?"

कमिटीवाला मधे पडला, की बाई, एवढं काय लावून धरता. ती म्हणाली, माझाच फोटो लावा ना मंग तिच्या जागी. मोबाइल काढून दाखवलाही तिनं, पिवळ्या साडीतला, साधा, हळदीकुंकवाला जावं तसा. कमिटीवाल्यानं तो पाहिला आणि म्हणाला, "तुमचा चेहरा लावला तं खुर्च्या रिकाम्या राहतीन."

असं तोंडावर. माझ्या अंगणात. ती हसली नाही आणि रडलीही नाही, पांढरं थापलेलंच होतं. तिनं दाताखाली दोरा तोडला.

मग ती माझ्या मुलाकडं वळली. म्हणाली, "पोरगी वयात आली म्हनून तुमी गावभर फ्लेक्स लावला, भाऊ. आमी नाही लावला. तवा नाक कुठं ठेवलं होतं?"

मुलगा लाल झाला. कमिटीवाला म्हणाला, अशी भाषा असेल तर जीप वळवून घ्या. तर ती म्हणे, वळवा, मग रात्री तुमच्या अन्नापुढं तुम्हीच नाचा, कंबर तर आहे तुम्हाला. एवढ्या रागातही तिच्या बाकीच्या बायांना हसू फुटलं, एकीच्या गालावरचं पांढरं तडकलं.

आता मी खरं लिहिते. मला त्या बाईचं बोलणं पटलं, पण त्या वेळी मला तिचा संतापच आला होता. म्हटलं, काय जातं तुझं? उद्या तू जीपमध्ये बसून जाशील, आम्हाला इथंच राहायचं आहे. बोल की एक खोटं, रोज खोटं हसतेसच ना. मी हे तोंडानं बोललेही थोडं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "माय, तुह्या घरचं पानी पेते दरसाली. हे नोको मांगू." एवढंच. अजून आठवलं की माझं मन दोन्हीकडं ओढतं, आणि दोन्हीकडचं दुखतं.

नात भिंतीपासून सुटली आणि बापाला म्हणाली, "हे म्हनो का नोको म्हनो, पोट्टे तं तेच राह्यतीन. काऊन मांगून राह्यले तुमी इच्याकडून?"

बाप फाटक आपटून निघून गेला.

कार्यक्रम झाला. माइकवर कोणी काही बोललं नाही. मुलगा गेला नाही पाहायला, पण आमच्या घरच्या खुर्च्या मात्र गेल्या, कमिटीनं मागितल्या म्हणून त्यानं स्वतःच काढून दिल्या. आणि गिरणीवर हसलेल्या बायांचे नवरे सगळ्यात पुढं बसले होते, हे सकाळी त्यांच्याच बायांनी मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात. मी काय करू त्याला?

दोन दिवसांनी नातीनं दप्तर भरलं. बाप दारात आडवा. म्हणाला, एकटी जाऊ देणार नाही, कोण जाईल हिच्यासोबत, मला तर शेत आहे. मी चपला घातल्या. बायांना आता बस फुकटच आहे, आधार कार्ड दाखवलं की झिरो तिकीट मिळतं. म्हातारीचं दुसरं काम काय घरात. म्हटलं, मी जाते.

पोट्टे होतेच. बस सुटली आणि गाणं लागलं. मी मागं वळून त्यातल्या मोठ्याला म्हटलं, "लाव बापा, मोठ्यानं लाव. तुह्या बहिनीचं हाफ साडीचं फंक्शन मी जेवली. फ्लेक्स बी पाह्यला. दुकान तेच होतं." आधी त्याला समजलं नाही, मग समजलं. गाणं बंद झालं. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडं पाहिलं, आणि मला दिसलं की आता दुसऱ्या एका पोरीच्या डोक्यावर मी तीच टांगती तलवार लटकवून ठेवली. पण त्या वेळी पर्वा नव्हती. अजूनही फारशी नाही.

मी रोज जायला लागले. कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसायचं, भाकरी खायची, वॉचमनशी भांडायचं, संध्याकाळी तिच्यासोबत परत. मला वाटत होतं, मी फार मोठं करते आहे. पहिला पेपर आठवड्यावर आला तेव्हा एका सकाळी नात बसमध्ये माझ्याकडं न पाहताच म्हणाली, "आजी, बाबाचा पहारा अन् तुहा पहारा, फरक काय हाय?"

मला बोलणं झोंबलं. मी म्हटलं, मी नसते आले तर तू घरात राहिली असतीस. ती म्हणाली, माहीत आहे. वर्गातल्या पोरी विचारतात, ही म्हातारी कोण, तुला पळवून नेतं का कोणी. सगळे पुन्हा मलाच पाहतात, म्हणाली. आधी फ्लेक्स पाहायचे, आता तुला पाहतात.

पोट्टे मागं होते, गप्प होते. उद्या पुन्हा वाजवतील का, कोण जाणे. जैनथ आलं, बस थांबली, दोन-तीन बाया टोपल्या घेऊन उतरत होत्या. मी त्यांच्यामागून उतरले. नातीला सांगितलंही नाही. खिडकीतून तिनं पाहिलं, तोंड उघडलं काही विचारायला, तोवर बस हलली.

जैनथला माझी भाची राहते. दिवसभर तिच्याकडं बसून तूर पाखडली, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी तीच बस आली. मी चढले. नात मागच्या बाकावर, एका मैत्रिणीशी वाद घालत होती कुठल्याशा प्रश्नाच्या उत्तरावरून. माझ्यासाठी जागा धरली नव्हती. मी उभी राहिले.

गावात उतरलो तर मुलगा चौकात उभाच. त्यानं विचारलं, "सोडली काय वो माय तिले कॉलेजात?"

म्हटलं, "सोडली."